चित्रांतून बेरीज: फांदीवर चार पक्षी, आणखी दोन आले, तरी मोजणी पुन्हा एकपासूनच

पाऊलवाट:

लेक पाच वर्षांची आहे. वीसपर्यंत अंक म्हणते, दहापर्यंतच्या वस्तू नीट मोजते. बेरजेची ओळख करून द्यावी म्हणून मी निसर्गातली चित्रं घेऊन तिच्यासोबत बसते, कारण पक्षी, किडे, पानं यांचं तिला फार वेड आहे. चित्र बघून भरपूर बोलते. पण बेरीज आली की ती एकाच जागी अडते. फांदीवर चार पक्षी बसलेत आणि आणखी दोन उडत येतायत असं चित्र असेल, तर आधी चार मोजते, मग दोन मोजते, आणि "सगळे मिळून किती?" विचारलं की पुन्हा एकपासून सहापर्यंत. उत्तर बरोबर येतं. मग मी शेजारी ४ + २ लिहिते, तर त्याकडे ती नुसती बघत राहते.

हे पुन्हा पहिल्यापासून मोजणं तसंच चालू द्यावं की थांबवावं? चित्रं निवडताना काय बघावं? आणि अधिक-बरोबरची चिन्हं कधी आणावीत? ज्यांनी या वयाच्या मुलांना शिकवलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

खडूफळा:

पाऊलवाट, तिचं एकपासून मोजणं थांबवू नका. बेरीज शिकणारी मुलं साधारण इथूनच सुरुवात करतात. दोन्ही गट वेगवेगळे मोजायचे, मग सगळं एकत्र पहिल्यापासून. काही काळाने मूल पहिला गट मनात धरून पुढे मोजू लागतं: चार, मग पाच, सहा. त्याही पुढे गेलं की २ + ६ दिसल्यावर सहापासून सुरू करतं, कारण त्यात कष्ट कमी. मी बालवर्गाला शिकवते. हे टप्पे सांगून शिकवता येत नाहीत असं माझं ठाम मत आहे. पण चित्राची मांडणी अशी करता येते की मुलाला स्वतःहून पुढचं पाऊल टाकावंसं वाटेल.

तुमच्या चित्रात सहाच्या सहा पक्षी डोळ्यांसमोर आहेत. समोर दिसतंय म्हटल्यावर मूल मोजणारच, त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून चार पक्षी मोजून झाले की त्यांच्यावर कागदाचा तुकडा ठेवा आणि तुकड्यावर ४ लिहा. "याच्याखाली किती?" विचारा. खात्री वाटत नसेल तर तुकडा उचलून बघू द्या, हवा तितक्या वेळा. मग "हे दोन आले, आता किती झाले?" सुरुवातीला बरीच मुलं कागदावरच चार वेळा बोट टेकवतात, न दिसणारे पक्षी मोजल्यासारखे. टेकवू द्या. तो अतिशय मोलाचा टप्पा आहे, कारण मूल आता न दिसणारी वस्तू मोजतंय. पुढे ते बोट एकदाच टेकतं, तोंडातून "चार" येतं आणि मोजणी तिथून पुढे जाते.

इथे एक घोटाळा हमखास होतो. झाकलेल्या गटाला "चार" म्हणून झाल्यावर मूल उडत येणाऱ्या पहिल्या पक्ष्यालाही "चार" म्हणतं, आणि उत्तर पाच येतं. रागावू नका आणि लगेच दुरुस्तही करू नका. "चार" म्हणताना पूर्ण तळहात कागदावर ठेवायला सांगा, हात उचलायला सांगा, आणि मगच पुढच्या पक्ष्यावर बोट. चार हा आकडा झाकलेल्यांचा आहे हे हाताला कळलं की तोंडालाही कळतं.

आणखी एक. गट लहान ठेवा. तीन किंवा चार वस्तू माणूस न मोजता एका नजरेत ओळखतो, मानसशास्त्रात याला सबिटायझिंग म्हणतात. त्याच्या पुढचे आकडे एका नजरेत यायचे तर मांडणी लागते, जशी फाशावरच्या पाचची असते. तिला तीन फुलपाखरांचं चित्र क्षणभर दाखवा आणि पालथं घाला. न मोजता "तीन" आलं, तर त्या तीनच्या पुढे मोजायला ती तयार आहे असं समजा. जो गट नजरेने ओळखता येतो, तो पहिल्यापासून मोजायची गरज तिला आपोआप कमी वाटू लागते.

गणितप्रेमी:

वरचा प्रतिसाद उत्तम. त्याच्या अलीकडची एक गोष्ट आधी तपासून घ्या.

रोशेल गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजणीमागची पाच तत्त्वं मांडली. प्रत्येक वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा क्रम ठरलेला, शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजे सगळ्यांची संख्या, काहीही मोजता येतं, आणि कुठूनही सुरुवात केली तरी संख्या तीच. बेरजेसाठी यातलं तिसरं फार महत्त्वाचं. तुमच्या लेकीने पाच पानं मोजली की ती झाका आणि विचारा, "किती पानं होती?" तिने लगेच "पाच" म्हटलं तर पुढे जा. ती गप्प राहिली, किंवा झाकण काढून पुन्हा मोजायला लागली, तर बेरीज थोडी थांबवा. तिच्या दृष्टीने मोजणं ही अजून एक म्हणायची गोष्ट आहे, त्यातून संख्या हाती येते हे बसायचंय.

दुसरी परीक्षा पियाजे या बालमानसशास्त्रज्ञाची. पाच खडे जवळजवळ मांडा, तिच्यासमोरच पसरवून लांब रांग करा आणि विचारा, आता जास्त झाले का? या वयात बरीच मुलं "हो" म्हणतात. तसं झालं तर विखुरलेली चित्रं इतक्यात नकोत. दोन्ही गट सारख्या अंतरावर मांडलेली चित्रं घ्या.

सरळरेषा:

मला जरा वेगळं वाटतं. चित्रांचं एवढं प्रस्थ कशाला? मूल चित्रात रमतं, पक्ष्याचा रंग बघतं, चोच बघतं, गोष्ट सांगतं आणि बेरीज बाजूला राहते. आमच्या पिढीत बेरजेचे पाढे तोंडपाठ करून घेत. चार आणि दोन सहा, चार आणि तीन सात. पुढे हिशोबात कधी अडलं नाही. शिवाय चित्राची सवय लागली की अंक दिसल्यावर मूल चित्र शोधत बसतं. पाऊलवाट यांच्या लेकीचं नेमकं तेच झालेलं दिसतंय, ४ + २ समोर आलं आणि ती थांबली.

खडूफळा:

सरळरेषा, तुमच्या म्हणण्यातला एक भाग मला पूर्ण मान्य आहे. चित्र हा मधला टप्पा आहे, तिथे मुक्काम करायचा नसतो. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६६ च्या सुमारास शिकण्याच्या तीन रीती सांगितल्या: हाताने करून, चित्रातून आणि चिन्हातून. लहान मुलांचं गणित शिकवताना आजही हाच क्रम धरतात. आधी खरे खडे, बिया, काटक्या. मग त्यांची चित्रं. मग चित्राच्या जागी नुसते ठिपके. मग अंक. पाऊलवाट यांची लेक ४ + २ पाशी थांबते, कारण पक्ष्यांवरून थेट अंकांवर उडी मारावी लागतेय. मधले ठिपके आले नाहीत. तिला "प्रत्येक पक्ष्यासाठी एक ठिपका काढ" म्हणा. ठिपक्याला पंख नाहीत, चोच नाही, तरी तो पक्ष्याच्या जागी उभा आहे हे तिला समजलं की अंक परका वाटत नाही.

पाठांतराबद्दल. "चार आणि दोन सहा" पाठ असणं चांगलंच, आणि शेवटी तिथे पोचायचंच आहे. पण ज्या मुलाने चार आणि दोन हाताने एकत्र केलेत, त्याचं एखादं पाठांतर विसरलं तरी ते उत्तर पुन्हा बांधू शकतं. नुसतं पाठ केलेलं विसरलं की अंदाज मारावा लागतो. पहिलीत ही दोन्ही प्रकारची मुलं एकाच बाकावर बसलेली असतात, आणि फरक उघड दिसतो.

गणितप्रेमी:

सरळरेषा यांच्या मुद्द्याला धरूनच. ब्रिटनमधले मार्टिन ह्यूज यांनी १९८० च्या दशकात शाळेत न गेलेल्या लहान मुलांबरोबर डबा आणि ठोकळे घेऊन प्रयोग केले. डब्यात एक ठोकळा आहे, त्यात दोन टाकले, आता आत किती? डब्याच्या आत दिसत नसतानाही बऱ्याच मुलांना उत्तर आलं. डबा समोर नसताना "असा डबा असता तर?" म्हणूनही काही मुलांना जमलं. पण त्याच मुलांना "एक आणि दोन किती?" असं नुसतं विचारलं की ती अडखळली. "एक काय?" हाच त्यांचा प्रश्न होता.

म्हणजे बेरीज त्यांच्यापाशी होती, नुसत्या आकड्यांच्या भाषेपर्यंतचा रस्ता नव्हता. चित्र तो रस्ता देतं. म्हणून ४ + २ विचारताना काही काळ "चार पक्षी आणि दोन पक्षी" असंच म्हणा. मग कधी "चार काहीतरी आणि दोन काहीतरी". आणि मग नुसतं "चार आणि दोन".

दोन_पिल्लं:

फांदीवरच्या पक्ष्यांच्या चित्राबद्दल सांगायचंय. माझ्या मुलाला असंच एक वर्कशीट आलं होतं, तीन पक्षी फांदीवर, दोन पंख पसरून हवेत. खाली चौकोन, उत्तर ५ अपेक्षित. मुलाने ३ लिहिलं. विचारलं तर म्हणाला, "हे दोघं चाललेत ना!" चित्र पुन्हा पाहिलं तर खरंच, त्या दोघांची तोंडं फांदीच्या विरुद्ध दिशेला होती. मुलाने चित्र अगदी बारकाईने वाचलं होतं.

रेघोटी:

दोन_पिल्लं यांचा मुलगा बरोबर आहे. मी लहान मुलांसाठी चित्रं काढते, त्यामुळे या विषयावर मनापासून बोलायचंय. चित्र स्थिर असतं, आणि येणं किंवा जाणं ही हालचाल आहे. एकाच चौकटीत हालचाल दाखवली की ती दोन्ही प्रकारे वाचता येते. कागदावर बेरजेचं म्हणून आलेलं चित्र मुलाच्या डोळ्यांना वजाबाकीचं असू शकतं.

उपाय दोन. पहिला, "आले" असं म्हणायचं असेल तर तीन चौकटी काढायच्या. एकीत फांदीवर तीन, दुसरीत तेच तीन आणि चोच फांदीकडे वळवलेले दोन, तिसरीत पाचही बसलेले. तिसऱ्या चौकटीत नवे दोघे फांदीच्या एका टोकाला, आधीच्या तिघांपासून किंचित अंतर राखून बसवायचे. मिसळून टाकले तर कोण आधीचे आणि कोण नंतरचे ते कळत नाही, आणि "तीन आणि दोन" हरवून फक्त "पाच" उरतं. एकत्र आल्यावरही दोन भाग ओळखू यावेत, माझ्या मते बेरजेच्या चित्राची सगळ्यात मोठी कसोटी हीच.

दुसरा उपाय सोपा. हालचाल नकोच. तीन पिवळी पानं, दोन तपकिरी पानं, सगळी मिळून किती पानं? इथे कोणी येत नाही, कोणी जात नाही. सुरुवात याच प्रकाराने करावी.

चित्र निवडताना आणखी काही बघा. पाण्यात बदकं असतील तर प्रतिबिंब नको, मुलं तेही मोजतात. एकामागे एक अर्धे लपलेले प्राणी नकोत. एक गट मोठ्या आकाराचा आणि दुसरा छोट्या आकाराचा नको, कारण काही मुलांना छोटी "पिल्लं" मोजायची की नाही तेच कळत नाही. मागे झाडं, ढग, सूर्य, गवत यांची गर्दी नको. आणि दोन गट फक्त लाल-हिरव्या रंगाने वेगळे करू नका. काही मुलांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत, मुलग्यांमध्ये याचं प्रमाण मुलींपेक्षा बरंच जास्त असतं, आणि इतक्या लहान वयात ते कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं. रंगाबरोबर आकारही वेगळा ठेवा: गोल पानं आणि लांब पानं.

रानफूल:

धागा वाचून राहवलं नाही. चित्रातली बेरीज म्हणजे तीन सफरचंदं आणि दोन सफरचंदं असं आपण धरून चालतो. पण निसर्गात बेरजा तयार बसलेल्या आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. मुलाला पक्ष्यांचं, किड्यांचं वेड असेल तर याच वापरा.

पक्ष्याचा पाय घ्या. बहुतेक पक्ष्यांची तीन बोटं पुढे आणि एक मागे असतं. पोपटाची आणि कोकिळेची दोन पुढे, दोन मागे. दोन्ही पायांची चित्रं शेजारी ठेवा: ३ + १ आणि २ + २, दोन्हीकडे चारच बोटं. एकच संख्या वेगवेगळ्या भागांतून बनते, हे यापेक्षा नेटकं कुठे मिळेल!

सात ठिपक्यांचा लेडीबर्ड भुंगेरा. प्रत्येक पंखावर तीन ठिपके आणि एक ठिपका बरोबर मधल्या सांध्यावर. तीन, तीन आणि एक. तीनची दुप्पट सहा आणि वर एक सात, ही दुप्पट-आणि-एकची रीत पुढे ६ + ७ करताना कामाला येते: सहाची दुप्पट बारा आणि वर एक तेरा.

कीटकाचे पाय एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन. कोळ्याचे चार आणि चार. (मुलांच्या पुस्तकांत कोळ्याला सहा पाय काढलेले दिसतात, फुलपाखराला दोनच पंख. फुलपाखराला चार पंख असतात, दोन पुढचे आणि दोन मागचे. चित्र घेताना हे जरूर तपासा, कारण मूल मोजणार आहे.) खेकड्याच्या दोन नांग्या आणि चालायचे आठ पाय, मिळून दहा. माकूळ, म्हणजे स्क्विड, याला आठ भुजा आणि दोन लांब सोंडा, तेही दहाच. बहुतेक बेडकांच्या पुढच्या पायाला चार बोटं आणि मागच्या पायाला पाच.

फुलांत लिली. सहा पाकळ्या दिसतात, नीट पाहिलं तर तीन बाहेरच्या आणि तीन आतल्या. मोहरीच्या फुलात चार पाकळ्या आणि सहा पुंकेसर, त्या सहांपैकी चार उंच आणि दोन बुटके. हे बघायला भिंग लागेल, पण पाच वर्षांच्या मुलाच्या हातात भिंग दिलं की तासभर चिंता नाही.

एक कळकळीची सूचना. चित्रांच्या आधी खऱ्या बिया गोळा करा असं वर आलंय, ते योग्यच. पण गुंज, एरंड आणि धोतरा यांच्या बिया मुलांच्या हाती अजिबात देऊ नका. गुंजेचे लाल-काळे मणी मोजायला फार आकर्षक दिसतात आणि त्या अत्यंत विषारी असतात, चावून फोडल्या तर जिवावर बेतू शकतं. घरात आणखी लहान भावंडं असतील तर कुठल्याच बारीक बिया नकोत, तोंडात आणि नाकात जातात. मोठी पानं, सुकलेल्या शेंगा, मुठीएवढे खडे सगळ्यात बरे.

पाऊलवाट:

सगळ्यांचे मनापासून आभार. पक्ष्यांच्या पायांची चित्रं काढली. ती दोन्ही पायांची बोटं मोजत बसली आणि मग "पोपटाचं एक पुढचं बोट मागे गेलं" असं म्हणाली. मी काहीच सुचवलं नव्हतं.

झाकायचा कागदही सुरू केलाय, सध्या ती कागदावर चार वेळा बोट टेकवते, खडूफळा यांनी लिहिलंय अगदी तसंच.

नवा प्रश्न. तळ्याचं एक चित्र आहे, त्यात तीन बेडूक आणि दोन कमळं. मी "मिळून किती?" विचारलं तर तिने "पाच काय?" असं उलट विचारलं. यावर काय सांगावं?

गणितप्रेमी:

"पाच काय?" हा प्रश्न विचारणारं मूल बेरीज समजून घेतंय. बेडूक आणि कमळं मिळवायची तर दोघांना सामावणारं एक नाव लागतं. "तळ्यात दिसणाऱ्या गोष्टी पाच" असं म्हणता येईल. पण सुरुवातीला तसली चित्रं टाळा. आधी बेडूक आणि बेडूक. मग हिरवे बेडूक आणि तपकिरी बेडूक. मग बेडूक आणि मासे, नाव "प्राणी". बेडूक आणि कमळ फार पुढे. ते नाव तिलाच शोधू द्या, त्यात तिचं गणित आणि भाषा दोन्ही पुढे सरकतात.

चिन्हांबद्दल तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये विचारलं होतं. अधिकचं चिन्ह छापील पुस्तकात पहिल्यांदा दिसतं ते १४८९ मध्ये, जर्मनीत योहानेस विडमान यांच्या पुस्तकात. बरोबरचं चिन्ह त्याच्याही नंतर, १५५७ मध्ये, रॉबर्ट रेकॉर्ड यांनी आणलं, कारण दोन समांतर रेघांपेक्षा जास्त सारखं दुसरं काही असू शकत नाही असं त्यांना वाटलं. त्याआधी हजारो वर्षं माणसं या दोन चिन्हांविना बेरजा करतच होती. पाच वर्षांच्या मुलीला ती काही महिने उशिरा भेटली तर काहीही बिघडत नाही.

पण भेटतील तेव्हा बरोबरच्या चिन्हाची ओळख नीट व्हावी. आपण कायम ३ + २ = ५ असंच लिहितो, त्यामुळे मुलांची समजूत होते की = म्हणजे "आता उत्तर लिही". पुढे ८ + ४ = □ + ५ असं आलं की मोठ्या वर्गातली मुलंही चौकोनात १२ लिहितात. म्हणून पहिल्यापासून कधी ५ = ३ + २ असंही लिहा. रानफूल यांच्या पक्ष्यांच्या पायांवरून ३ + १ = २ + २ लिहिता येईल. दोन्ही बाजूंना चारच बोटं आहेत, डोळ्यांना दिसतंय, आणि "उत्तर" कुठेच लिहायचं नाही.

सरळरेषा:

३ + १ = २ + २ हे पटलं. पाठांतरातून ही गोष्ट मुलाच्या हाती लागत नाही, हे मान्य. पण माझा मूळ प्रश्न अजून आहे. दहाच्या पुढे काय? ८ + ५ साठी तेरा पक्षी काढणार का? आणि शून्य? ४ + ० चं चित्र कसं काढणार?

खडूफळा:

शून्याचं चित्र फार सुंदर काढता येतं. दोन फांद्या, एकीवर चार पक्षी, दुसरी रिकामी. रिकामी फांदी काढायलाच हवी, ती वगळली तर शून्यही वगळलं जातं. "या फांदीवर किती?" विचारलं की मुलं "कोणीच नाही" म्हणतात. त्याखाली ० लिहायचा. एका मुलीने माझ्या वर्गात दोन्ही फांद्या रिकाम्या काढून खाली तीन शून्यं लिहिली होती, एकेका फांदीचं एक आणि मिळून एक. मी ते चित्र भिंतीवर लावलं.

दहाच्या पुढे तेरा पक्षी अजिबात नकोत. तिथे मांडणी बदलायची. दहा घरांची चौकट आखा, पाच वर आणि पाच खाली. आठ घरांत एकेक पान ठेवा, शेजारी पाच पानं सुटी. रिकामी घरं दोन दिसतात. सुट्या पाचांतली दोन उचलून ती घरं भरा. चौकट भरली, बाहेर तीन उरली, दहा आणि तीन तेरा. मोजावं लागत नाही, सरकवावं लागतं. इथे रानफूल यांचा खेकडा आणि स्क्विड उपयोगी पडतात, कारण आठला दहा व्हायला दोन हवेत हे मुलाने आधीच पाहिलेलं असतं. दहाच्या जोड्या (९ आणि १, ८ आणि २, ७ आणि ३) ज्याला चित्रासारख्या दिसतात, त्याला पुढची हातच्याची बेरीज जड जात नाही. आणि या जोड्या दिसायला लागल्यावर त्या पाठ करायला माझी काहीच हरकत नाही, सरळरेषा.

दोन_पिल्लं:

लपवालपवीचाही एक खेळ आमच्याकडे चालतो, तोही लिहून ठेवतो. पानावर सात सुरवंट आहेत असं आधी सांगायचं, मग काही पानाखाली लपवायचे. चार दिसतात, लपलेत किती? मुलगा बोटांवर "चार, पाच, सहा, सात" असं पुढे मोजून तीन सांगतो. वजाबाकी हा शब्दही आम्ही अजून वापरलेला नाही.

रानफूल:

अनुमोदन. फक्त पान तेवढं तो सुरवंट खरोखर खातो त्या झाडाचं असू द्या. कुठल्या सुरवंटाला कुठली झाडं लागतात हे ठरलेलं असतं, प्रत्येक जण प्रत्येक झाडाचं पान खात नाही. मुलाला खरं चित्र दाखवायला जास्त कष्ट पडत नाहीत.

रेघोटी:

हे सगळं वाचून मी चित्रांचा एक संच काढायला घेते. कुणालाही छापून घेता येईल, शाई कमी लागावी म्हणून काळ्या रेघांत, मुलांनी हवं तर रंगवावं. खडूफळा, कुठल्या बेरजा हव्यात आणि कुठल्या क्रमाने, एवढं सांगाल का? रानफूल, पाय-पंख-पाकळ्या तपासून द्याल?

रानफूल:

नक्की. कच्च्या रेघोट्या टाकल्या तरी चालतील, रंगवण्याआधी तपासलेलं बरं.

खडूफळा:

रेघोटी, फार मोठं काम होईल हे. क्रम असा ठेवा. आधी पाचच्या आतलं, आणि दोन्ही गट तीनपर्यंतच: १ + १, २ + १, २ + २, ३ + १, ३ + २. या सगळ्यांत हालचाल नको, एकाच जातीची पानं किंवा फुलं, दोन वेगळ्या आकारांची. प्रत्येक चित्र उलटं फिरवलं तरी नीट दिसेल असं काढा, म्हणजे ३ + २ चं पान फिरवलं की २ + ३ होईल आणि मुलाला मोजावं लागणार नाही, पान तर तेच आहे. फांदीवरचे पक्षी यासाठी चालणार नाहीत, वरून दिसणारी पानं, भुंगेरे, तारामासे चालतील.

मग रिकाम्या फांदीची दोन-तीन चित्रं. मग तीन चौकटींच्या "आले" गोष्टी, पण सहा-सातच्या आतच. त्यानंतर झाकायची चित्रं, ज्यात डावीकडचा गट चार-पाचचा आणि उजवीकडचा एक किंवा दोनचाच, कारण पुढे मोजायला शिकताना दोनाच्या वर पावलं झाली की मूल वाट चुकतं. झाकायचा तुकडा त्याच पानावर तुटक रेघेने आखून द्या, पालकांनी कापून घ्यावा. शेवटी दहाची चौकट, तीही रिकामी, पानं मुलांनी स्वतः ठेवायची.

आणि एक विनंती. कुठल्याही चित्राखाली ४ + २ = असं छापू नका. तिथे कोरी जागा सोडा. कुणी ठिपके काढेल, कुणी अंक लिहील, कुणी नुसतं बोलेल आणि आई-बाबा लिहून घेतील. पाऊलवाट यांची लेक सध्या ठिपक्यांवर आहे, तिलाही तेच पान चालेल आणि दोन_पिल्लं यांच्या मुलालाही. पहिली पाच चित्रं झाली की इथेच टाका, मी वर्गात वापरून कुठे मुलं अडखळतात ते लिहिते.